शाळेच्या भिंतीवरून खरवडलेलं बेट

लिझुलु,
डांबरी रस्त्याच्या मलावीकडच्या अंगाला.
थंडी आहे, बटाट्याला फूल आलं आहे.

आदरणीय क्रिस्पिनमामा यांना,

भाचा बर्नाबा याचा दोन्ही गुडघे जमिनीला टेकून नमस्कार. (खरोखर टेकले आहेत. इथे टेबल नाही, शाळेच्या बाकावर कागद ठेवून खाली बसून लिहितो आहे, त्यामुळे लिहिणं आणि नमस्कार दोन्ही एकदमच होत आहे.) तुम्ही कसे आहात? तुम्ही बरे असाल तर मीही बरा आहे. अगाथामामीचा गुडघा कसा आहे? काळी शेळी अजून चर्चच्या बागेत घुसते का? नावेच्या बुडाची फट बुजवलीत का, की अजून मामीचं जुनं लुगडंच कोंबलेलं आहे? आणि तुमचा फोन तळ्यातून वर आला का? नसेलच आला. हा तिसरा. आपल्या घराण्याचे इतके फोन त्या तळ्याच्या बुडाशी आहेत की मासेच एकमेकांना मिस्ड कॉल देत असतील. म्हणून हे पत्र. ट्रकवाल्याबरोबर सालिमापर्यंत, तिथून मासळीवाल्या बाईबरोबर न्खाता बेला, आणि तिथून जहाजाने तुमच्यापर्यंत येईल. वाटेत सगळ्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त ताजा कलम वाचू नये, असं मी पाकिटावर लिहिलं आहे.

तुम्हाला माहीतच आहे की माझ्या पायाला भिंगरी आहे. आपल्या लिकोमावर मिशनची शाळा इतकी जुनी की शेळ्यासुद्धा चार अक्षरं ओळखतात, आणि त्या बेटावरून चौथीतून पळालेला मी एकटाच. बेट सोडल्यावर मी ट्यूबची पंक्चरं काढली, चहाच्या मळ्यात पाठीवर टोपली घेतली, सायकलवर माणसं वाहिली (एक बाई तीन कोंबड्यांसह उतारावर पडली, ती हकीकत वेगळी). शेवटी इथे लिझुलुच्या बाजारात लायटन नावाच्या उस्तादाकडे पाट्या रंगवायला लागलो. न्हाव्याच्या दुकानावर निरनिराळ्या केशरचनांची डोकी काढायची, औषधवाल्याच्या भिंतीवर हसरं बाळ काढायचं. माझी बाळं सगळी तुमच्यासारखी दिसतात असं उस्ताद म्हणतो. त्याने तुम्हाला पाहिलेलं नाही, पण मी वर्णन केलं आहे.

तर झालं असं की इथल्या शाळेच्या मुख्य बाई, कालेंबा मॅडम, यांना बाहेरच्या भिंतीवर सगळ्या जगाचा नकाशा हवा होता. उस्तादाला शिडीवर चढलं की गरगरतं. तो म्हणाला, "बर्नाबा, डोकी काढतोस तसंच जग काढायचं, फक्त केस नाहीत." मॅडमनी पुस्तकातून फाडलेलं एक पान दिलं, त्यावर पेन्सिलने बारीक चौकटी आखलेल्या. भिंतीवर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखायच्या आणि एका चौकटीत जे असेल ते दुसऱ्या चौकटीत उतरवायचं. मामा, हे काम इतकं सोपं आहे की मला वाटलं, देवानेही असंच केलं असणार. पण मॅडमच्या पानाच्या कोपऱ्याला वाळवी लागलेली होती, त्यात न्यूझीलंड नावाचा अख्खा देश खाल्लेला. मला काय ठाऊक तिथे देश होता! मी वाळवीने खाल्लेल्या आकारासकट सगळं इमानाने उतरवलं. मॅडम म्हणाल्या, "हे काय बेट आहे?" मी म्हटलं, "भोक आहे, मॅडम." त्यांनी डोक्याला हात लावला. दुसरी अडचण खिडकीची. चौथीच्या वर्गाची खिडकी नेमकी अटलांटिक महासागरात आली आहे. आता मॅडम वर्गातून कोणाला हाक मारायला डोकं बाहेर काढतात तेव्हा त्या महासागरातून वर आल्यासारख्या दिसतात. पहिलीची पोरं अजून दचकतात.

सगळ्यात जास्त रंग खाल्ला ग्रीनलंडने. वर टोकाला एक पांढरा देश आहे, मामा, पानावर तो आपल्या अख्ख्या आफ्रिकेएवढा. मी दोन दिवस शिडीवर उभा राहून पांढराच पांढरा लावत होतो. डबा संपला. मग मॅडम सावकाश येऊन म्हणतात की तो देश खरं म्हणजे एवढा मोठा नाहीच, आपल्या आफ्रिकेत तसे चौदा बसतील. जग गोल आहे, ते कागदावर सपाट करायला गेलं की वरची आणि खालची टोकं ताणली जातात, आणि मधे राहणारे आपण आक्रसल्यासारखे दिसतो. (शेळीचं कातडं वाळत घालताना मामी कडा ओढून खुंट्या मारते ना, तसंच.) आणि त्या एवढ्या मोठ्या देशात माणसं किती? एखाद्या बऱ्यापैकी गावात असतात तेवढीच. हे ऐकून उस्ताद लायटन खालून ओरडला, "अरे, मग जास्तीचा रंग खरवडून डब्यात भर!" त्याला जग गोल असण्याचा संताप आला होता.

मॅडमच्या तोंडून असल्या गोष्टी रोज ऐकतो, आणि प्रत्येक वेळी मनात येतं, ही मामांना सांगायची. तिकडे थंड समुद्रात लिकोमा आणि चिझुमुलूसारखीच दोन बेटं आहेत. एका बेटावरून दुसरं स्वच्छ दिसतं. एक रशियाचं, दुसरं अमेरिकेचं. त्या दोघांच्या मधून तारखेची रेघ जाते. म्हणजे एका बेटावर रविवार असतो तेव्हा पलीकडे सोमवार झालेला असतो. तुम्ही तिथले नावाडी असतात तर काय बहार झाली असती! मामी चर्चला चला म्हणाली की वल्ही घ्यायची आणि थेट सोमवारात जायचं. आणि आपल्या तळ्याला आपण एक नाव ठेवतो, टांझानियाची माणसं दुसरं, मोझांबिकची माणसं तिसरं. मासे तेच, लाटा त्याच. मी भिंतीवर कुठलंच नाव लिहिलं नाही, नुसतं निळं ठेवलं. नाव लिहायला लागलो तर तळ्यापेक्षा नावच मोठं होत होतं.

आता जरा पुढचं सांगतो. (मामीला बाजूला बसवून वाचा. किंवा नकोच, तिलाच वाचायला द्या.) इथे एलुबी म्हणून एक मुलगी आहे. रस्त्याच्या कडेला बटाटे तळते. तुम्ही कधी इकडे आला नाहीत म्हणून सांगतो, इथे हा डांबरी रस्ताच सरहद्द आहे. रस्त्याची ही बाजू मलावी, ती बाजू मोझांबिक. कुंपण नाही, शिपाई नाही, मधे नुसत्या शेळ्या झोपलेल्या असतात. एलुबीच्या घरचं बटाट्याचं शेत पलीकडे आणि चूल अलीकडे. म्हणजे जो बटाटा मोझांबिकमध्ये उगवतो तो मलावीत तळला जातो, आणि खाणारा बसच्या खिडकीतून हात काढून घेतो तेव्हा त्याचा अर्धा हात कुठल्या देशात असतो ते त्यालाच ठाऊक नसतं. मी पहिल्यांदा बटाटे घ्यायला गेलो तेव्हा माझ्या अंगावर सगळ्या खंडांचे रंग होते. ती म्हणाली, "काय हो रंगवाले, जगाने तुमच्या अंगावर ओकारी काढली की काय?" मामा, त्या क्षणापासून माझ्या पायाची भिंगरी थांबली. मी तेव्हापासून लिझुलुच्या बाहेर गेलेलो नाही. पंक्चरवाला मला बलाका गावी बोलावत होता, गेलो नाही.

एलुबीचा मामा म्हणजे साईलेसी. उंच, वाळका, डोक्याला कायम लोकरीची टोपी. त्यांची झोपडी रस्त्यापलीकडे आहे. रोज सकाळी मोझांबिकमधून उठतात, शेळ्या ओलांडतात आणि मलावीत बहिणीकडे चहाला येतात. खिशात दोन्हीकडची सिमकार्डं. फुटबॉलचा सामना असला की जो जिंकेल तो त्यांचा देश. पण कोणी त्यांना पलीकडचा म्हटलं की टोपी काढून आपटतात. माणूस वाईट नाही. एलुबीचा बाप लवकर गेला, तेव्हापासून तिच्या घरावरचं गवत त्यांनीच शाकारलं. आणि त्यांची एक धाकटी बहीण होती, एलुबीची मावशी. ती पूर्वी कुठल्याशा दूरच्या माणसाशी लग्न करून गेली. त्याने गावाचं नाव सांगितलं होतं, पण त्या नावाचं गाव पुढे कोणाला सापडलं नाही, आणि मावशीही नाही. म्हणून साईलेसींचा एकच हट्ट आहे. पोरगी लग्न करून जिथे जाईल त्या जागेवर त्यांना बोट ठेवता आलं पाहिजे, आणि बोट उचलल्यावर गाव तिथेच राहिलं पाहिजे. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर पुढचा घोटाळा झाला नसता.

नकाशात मी मलावी लाल केला आणि मोझांबिक पिवळा. मॅडमच्या पानावर आपलं बेट नव्हतंच. नसणारच, एवढ्या जगात ते राईएवढंही भरत नाही. पण मामा, ज्या भिंतीवर मी ग्रीनलंडला अख्खा डबा दिला तिथे लिकोमाला काडीच्या टोकाएवढा रंग देऊ नये? मी शिडी लावली, काडी लाल रंगात बुडवली आणि तळ्याच्या निळ्यात, पलीकडच्या पिवळ्या काठाला जवळजवळ चिकटून, जिथे आपण आहोत तिथेच, एक ठिपका दिला. शेजारी त्याहून बारीक चिझुमुलू. मॅडमनी जवळ येऊन पाहिलं आणि त्यांनीच समजावलं, की गोऱ्या साहेबांनी तळ्यातून सरहद्दीची रेघ ओढली तेव्हा मिशनचं मोठं चर्च आपल्या बेटावर होतं, म्हणून आजूबाजूचं पाणी पलीकडच्यांकडे गेलं आणि बेटं तेवढी आपल्याकडे राहिली. मी म्हटलं, चर्चने बेट धरून ठेवलं हे मामीला सांगायला हवं, ती तुम्हाला दर रविवारी ऐकवेल.

नकाशा पुरा झाला त्या दिवशी सगळं गाव भिंतीपाशी जमलं. मॅडमनी चार शब्द सांगितले, पोरांनी गाणं म्हटलं, एलुबीने बटाट्यांची परात आणली. मी नवा शर्ट घालून शिडीला टेकून उभा, जणू जग मीच उभं केलं आणि आता ते पडू नये म्हणून टेकू देतो आहे. साईलेसी हात मागे बांधून भिंतीच्या कडेने चालत निघाले. अमेरिकेपाशी मान हलवली, महासागराच्या खिडकीत डोकावले, आफ्रिकेपाशी थांबले. चष्मा चढवला. आणि मामा, काय सांगू, त्यांनी अंगठ्याचं नख पुढे केलं आणि आपलं बेट खरवडून काढलं. चर्चसकट, मामीसकट, काळ्या शेळीसकट.

"लाल थेंब सांडला होता," ते म्हणाले. "काढला. आभार मानू नकोस."

"अहो, तो थेंब नाही!" मी ओरडलो. "ते माझं गाव आहे!"

साईलेसींनी आधी नखाकडे पाहिलं, नखात बेट होतं, मग भिंतीकडे. "गाव? इथे? अरे, हे तर मोझांबिकचं पाणी."

"पाणी त्यांचं, बेट आपलं."

"वा! म्हणजे ताट शेजाऱ्याचं आणि त्यातला मासा तुझा?"

लोक हसले. एलुबी नाही हसली. तिने परात खाली ठेवली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही रोज सकाळी मोझांबिकमधून चहा प्यायला येता, ते?"

"मी तिथे फक्त झोपतो," साईलेसी म्हणाले. "झोपेत माणूस कुठल्याच देशाचा नसतो." मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, त्यांनी विचारलं की मी इकडे कसा आलो. आणि मामा, इथे मी जे बोललो ते आपल्या बेटावरचाच माणूस बोलू शकतो. बेटावर आपण सगळेच किनाऱ्याला जाताना "मलावीला जातो" म्हणतो, हो की नाही? तुम्ही म्हणता, मामी म्हणते, पाद्रीबाबा म्हणतात. तेव्हा मीही निरागसपणे म्हणालो, "मी मलावीला पहिल्यांदा आलो तेव्हा..."

पुढचं वाक्य मला आठवत नाही, कारण ते कोणी ऐकलंच नाही. साईलेसींनी टोपी काढली. "ऐकलंत? मलावीला आला म्हणतो! मग आधी कुठे होता?" उस्ताद लायटनने तोंडात बटाटा असतानाच डोळे मिटून घेतले. मॅडम म्हणाल्या, "तसं नाही हो, त्यांच्याकडे बोलायची पद्धत आहे..." पण गावातल्या कोणालाही बेटाची पद्धत माहीत नव्हती. त्यांना नखातला थेंब दिसत होता.

शेवटी साईलेसींनी सगळ्यांच्या देखत निकाल दिला. म्हणाले, "पोरगा कामाला चांगला आहे. जग नीट काढलं आहे. पण भिंतीवर काय, मीही चंद्र काढून तिथला पाटील म्हणवून घेईन. गाव नकाशाने सिद्ध होत नाही, मामाने सिद्ध होतं. ह्याचा मामा आणा. माझ्यासमोर चटईवर बसवा. त्याने सांगावं की हे बेट आहे, त्यावर घर आहे, आणि माझी भाची तिथे रडली तर तिचं रडणं कोण ऐकणार आहे. बटाटे जमिनीतून काढायच्या आत. नाहीतर एनटचेऊचा तो बसचा कंडक्टर विचारतोच आहे. त्याचं गाव मी पाहिलं आहे, बस तिथे थांबते." बोलून झाल्यावर त्यांनी नखातलं बेट पँटला पुसलं. पँटवर अजून आहे. मी रोज बघतो.

तेव्हा चिखल झाला तो असा. उस्तादाने दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "वेड्या, बेट परत काढताना बोटभर डावीकडे सरकव. लाल किनाऱ्याला चिकटव. रंग माझा, बेट तुझं, भिंत शाळेची, कोणाच्या बापाचं काय जातं? म्हाताऱ्याला दिसेल की लाल लालला लागलं आहे, झालं." मी काडी बुडवली आणि शिडीवर चढलो. खरं सांगतो, सरकवणारच होतो. एलुबीपुढे बोटभर म्हणजे काय! पण काडी टेकवायच्या आधी मला दिसलं की बेट तिकडे गेलं तर तुम्ही समोरच्या मोझांबिकच्या काठावर, कोबुएला, मका आणायला जाता ती वाट केवढी लांबेल. आत्ता सकाळी निघून दुपारी परत येता. मग वाऱ्याविरुद्ध दिवसभर वल्हवावं लागेल, आणि तुमचा डावा खांदा तर आधीच आखडलेला. शिवाय आई आंब्याखाली झोपली आहे. तिच्या कबरीवर सकाळचं ऊन पलीकडच्या डोंगरावरून येतं. मी बेट सरकवलं असतं तर तिला ऊन कुठून आलं असतं? मी बराच वेळ शिडीवर तसाच उभा राहिलो. रंग काडीवर वाळला. मग परत बुडवली आणि ठिपका होता तिथेच दिला, खरवडलेल्या खुणेवर, थोडा जाड.

खाली उतरलो तर एलुबी महासागराच्या खिडकीत कोपरं टेकून बघत उभी होती. (मॅडमना बटाटे द्यायला वर्गात आली होती म्हणे.) म्हणाली, "बरं झालं सरकवलं नाहीस. मी बघतच होते. सरकवलं असतंस ना, तर मीच त्या कंडक्टरला हो म्हटलं असतं. आज बेट सरकवणारा उद्या चूल सरकवेल." आणि मग जाता जाता, "ह्या वेळी वरून वॉर्निश लाव. माझा मामा नखं वाढवतो."

म्हणून मामा, माझी एक लहानशी विनंती आहे. चुलतभाऊ हाबिल याला इकडे पाठवावं. हाबिल लिलाँग्वेला जाऊन आला आहे, त्याच्याकडे टाय आहे, बोलायला लागला की समोरचा माणूस आपलं नाव विसरतो. तो साईलेसींना पटवून देईल. तुम्ही येऊ नका. तुम्हाला बस लागते हे सगळ्या तळ्याला माहीत आहे. म्झुझूला गेला होतात तेव्हा पुढच्या सीटवरच्या शिक्षकाची टोपी तुमच्यामुळे टाकून द्यावी लागली, आणि उतरल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर शपथ घेतलीत की जी जमीन हलत नाही तिच्यावरून हलणाऱ्या गाडीत परत बसणार नाही. वादळातही ज्याला उलटी होत नाही त्याला डांबरी रस्त्याने आडवं केलं! तर शपथ मोडू नका. तब्येत सांभाळा. हाबिल चालेल.

मामीला, शेळीला, पाद्रीबाबांना आणि आईच्या आंब्याला माझा नमस्कार. इथे सकाळी धुकं इतकं उतरतं की समोरचा मोझांबिक दिसत नाही. थोडी सुकी उसिपा मासळी पाठवता आली तर बघा. इथले लोक मासा म्हणजे बटाट्याचा पाहुणा समजतात.

आपला, हल्ली बहुतेक वेळ शिडीवर राहणारा,
बर्नाबा

ता. क. हाबिलला पाठवू नका. मी वर लिहिलं ते मामी वाचेल म्हणून लिहिलं, नाहीतर ती म्हणाली असती, पोराने म्हाताऱ्याला बसमध्ये घातला. हाबिल वाद जिंकेल, पण साईलेसींना वाद नको आहे. त्यांना एक मामा हवा आहे. मुलाच्या मामाने कोंबडा आणि मुलीच्या मामाने कोंबडी दिली की सोयरीक पक्की, ही आपली रीत; तुम्ही किती लग्नांत काखेत कोंबडा धरून बसलात, आणि नंतर त्या लोकांची भांडणं मिटवायला पावसापाण्यात नाव काढलीत, हे सगळं बेट सांगेल. माझ्याच वेळी कोंबडा हाबिलच्या काखेत? त्याच्या टायवर बसेल तो. तुम्हीच या. जहाजाने न्खाता बेला उतरलात की दक्षिणेकडे जाणाऱ्या बसमध्ये डाव्या बाजूच्या खिडकीत बसा. सालिमापर्यंत डावीकडे तळं मधून मधून दिसत राहतं. त्याच्याकडेच बघत राहा, रस्त्याकडे बघूच नका, म्हणजे पोटाला वाटेल आपण नावेतच आहोत. पुढे डोंगर लागतात. तिथे मी स्वतः सालिमाला येऊन तुमच्या शेजारी बसेन, आणि टोपी माझी असेल.

आणखी एक. कोंबडा आपल्या घरचाच आणा, तो तांबडा, जो पहाटे चर्चच्या घंटेच्या आधी ओरडतो. इथे कोंबडे मिळतात, पण साईलेसींना बेटाचा आवाज ऐकू येऊ दे. त्यांच्याकडची कोंबडी तयार आहे. पलीकडे अंडी घालते आणि दाणे अलीकडे खाते, अगदी मालकासारखी.

शेवटचं. (हे फक्त तुम्हीच वाचा.) साईलेसी तुम्हाला विचारणार, हा पोरगा जन्मला कुठे. तेव्हा काय सांगायचं हे मी तुमच्यावर सोडतो. मला आईने सांगितलं होतं तेवढंच ठाऊक आहे, की ती कोबुएहून मका घेऊन परत येत होती, वारा सुटला, तुम्ही वल्हवत होता, आणि बेट समोर दिसत असताना मी आलो, आणि तुम्ही वल्ही सोडून मला धरलंत. म्हणजे जन्माने मी मोझांबिकच्या पाण्यातलाच. साईलेसींचंच खरं आहे, मामा. मी त्यांना हे सांगितलेलं नाही. तुम्ही चटईवर बसून सांगितलंत तर ते ऐकतील असं मला वाटतं, कारण ज्या जागेवर कोणाला बोट ठेवता येत नाही तिथे त्या दिवशी तुमचे हात होते.

त्या जागेवर मी नकाशात एक नाव काढली आहे. पिवळा किनारा आणि आपला लाल ठिपका यांच्या मधे, पापणीच्या केसाएवढी, आणि तिच्यात वाकलेला एक माणूस. कालेंबा मॅडम म्हणाल्या, नकाशात नावा नसतात. पण पूस म्हणाल्या नाहीत. पोरं विचारत होती, हा कोण आणि कुठे निघाला आहे. मी म्हटलं, माझा मामा आहे, इकडेच यायला निघाला आहे. ते साईलेसींच्या कानावर गेलं. आता रोज चहाला येताना ते भिंतीपाशी थांबतात, चष्मा चढवतात, हात मात्र मागे बांधलेले ठेवतात, "अजून तिथेच आहे," एवढं म्हणतात आणि चहाला जातात. परवा एलुबी सांगत होती, घरी तिच्या आईला विचारत होते, बेटावरचा माणूस चहात साखर किती घेतो.

सगळ्या जगावर वॉर्निश लावून झालं आहे. तेवढी नाव मोकळी सोडली आहे, तिला अजून यायचं आहे.